नाव घासलेली भांडी

या सदरात लोक काय काय लिहितात ते नातसून मला रोज दुपारी वाचून दाखवते. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाच्या मागून पैंजण वाजतात… मी ऐकते आणि हसते. आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आईनं दाराला बांधायला आणलेलं लिंबू मी लोणच्यात घातलेलं आहे. ते लोणचं सगळ्यांनी खाल्लं आणि कुणाला काही झालं नाही.

पण एक गोष्ट मलाही उलगडलेली नाही. ती आठवली की भीती वाटत नाही, किळस येते. जेवायच्या आधी मी ती कधी सांगत नाही, तुम्हीही जेवून मग वाचा. मी नव्वदीला टेकलेय. सांगायची राहायला नको म्हणून नातसुनेला टाइप करायला बसवलंय.

काळ निजामाचा. आम्ही मूळचे मादन हिप्परग्याकडचे. आमच्या मालकांचा लुगड्या-खणांचा धंदा. घोड्यावर गाठोडी टाकून आज चिटगुप्प्याचा बाजार, उद्या दुसरा, असं आठवड्यातले चार दिवस ते बाहेर. राहायला आम्ही गावापासून लांब, मळ्यातल्या घरात. पहिल्या खेपेला मी तिथंच अडले. मालक बाजाराला गेलेले. दिवसभर हाका मारल्या मी, ऐकायला फक्त बैल होते. मूल जन्मलं, पण रडलं नाही.

पुढं दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मालक म्हणाले, "आता हितं न्हाई ऱ्हायचं. एक हाक मारली की चार बाया धावून येतील, असं गाव बघू."

आता असं गाव ओळखायचं कसं? आमच्या मालकांचं त्यावर एक शास्त्र होतं. ते म्हणत, फिरस्त्याला गाव पाण्यावरून कळतं. भर दुपारी जायचं, अनोळखी दारात उभं राहायचं आणि पाणी मागायचं. कोण कसं देतं ते बघायचं. बीदरच्या अलीकडची तीन गावं त्यांनी ठरवली आणि मला सहाव्या महिन्यात गाडीत घालून पाणी मागत फिरवलं!

पहिल्या गावात पाण्याआधी जात विचारली. ते गाव तिथंच संपलं.

दुसऱ्या गावात एक काळीसावळी, दांडगी बाई दारात तूर पाखडत होती. गंगव्वा तिचं नाव. पाणी मागितलं तशी आमच्यावरच खेकसली, "कामून? तुमच्या गावात हिरी न्हाईत व्हय? असल्या उन्हात पोटुशी बाई गाडीत घालून कुठं हिंडायलाव?" बडबडत उठली. रांजणात पाणी होतं, पण ते शिळं म्हणून आडावर जाऊन ताजं शेंदून आणलं, आणि आम्ही पीत असतानाही तोंड चालूच. बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "बाई लई खडूस हाय बग. हे गाव नको."

मीही मान हलवली. हीच आमची चूक.

तिसरं गाव बीदरच्या कोटापासून कोस-दीड कोसावर. नवी वाढलेली पेठ होती. सकाळी चालत बीदरच्या कचेरीत जाणारी, संध्याकाळी परत येणारी माणसं तिथं राहत. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आता त्यांची नातवंडं नांदत असतील, त्यांचा काय दोष?

तिथं पहिल्याच दारात चन्नक्का भेटली. गोरीपान, कपाळभर कुंकू, तोंडातून साखर सांडायची. "या अक्का, या अण्णा, बसा की!" घोंगडं अंथरलं. घासलेल्या पितळी तांब्यात थंडगार पाणी आणि वर गुळाचा खडा. माझ्या पोटाकडं बघितलं आणि आणखी एक खडा हातावर ठेवला. "दोन जिवाची बाई. एका खड्यानं काय हुतंय?" घर शोधतोय म्हटल्यावर शेजारपाजारच्या सहा बायका गोळा झाल्या. चन्नक्काच्या भिंतीला लागूनच एक घर रिकामं होतं. ते उघडून दाखवलं, झाडून दिलं, भाड्याचं मागनं बघू म्हणाल्या. मालकांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं हा माणूस आता इथंच जन्म काढणार.

दिवाळी झाल्यावर आम्ही राहायला गेलो. दूध उतू घालवलं. ते निवायच्या आत चन्नक्का हुग्गी घेऊन हजर. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. पितळी पातेलंभर! गरम गरम दोन वाट्या खाल्ल्या, छान होती. उरलेली झाकून ठेवली आणि सामान लावायला घेतलं.

दोनेक तासांनी घरात वास सुटला. उंदीर मरून भिंतीत अडकला की येतो ना, तसा. शोधत शोधत चुलीपाशी आले, पातेल्यावरचं झाकण काढलं… हुग्गीवर काळपट साय धरलेली आणि ती साय हलत होती. खाली अळ्या होत्या, तांदळाएवढ्या. त्याच खिरीच्या दोन वाट्या माझ्या पोटात होत्या. पुढचं लिहीत नाही.

मालक म्हणाले, "कल्हई उडाली आसंल. पितळंत आंबट घातलं की कळकतंयच."

"हुग्गी काय आंबट असती व्हय?" मी म्हटलं. आणि कळकलेल्या ताकात अळ्या पडलेल्या कुणी बघितल्यात का, मंडळी?

पण पहिल्याच दिवशी शेजारणीला काय सांगणार? आमच्याकडं रीत अशी, की शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मी पातेलं राखेनं, चिंचेनं तीनदा घासलं, त्यात मूठभर खारका घातल्या आणि द्यायला गेले. चन्नक्कानं खारका पदरात घेतल्या आणि पातेलं माझ्याच हातात परत दिलं. "असू द्या अक्का. नवा संसार हाय. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

मला भरून आलं. पितळेचं पातेलं! सख्खी जाऊ मला वाटी देताना मोजून द्यायची.

मग रोज एकेक सुरू झालं. कुणी चरवीभर दूध आणलं, कुणी तपेलीत आमटी, कुणी परातीत धपाटे, कुणी ओगराळ्यासकट कढी. सात घरांतून सात भांडी आली. परत द्यायला गेलं की प्रत्येकीचं तेच, असू द्या अक्का. आणि प्रत्येक वेळी तेच व्हायचं. दुधाला बुरशी, आमटीवर फेस, धपाटे उचलले की खाली ओलसर, बुळबुळीत… थंडीच्या दिवसांत! एकदा मी अर्धी आमटी येताक्षणी माझ्या मातीच्या गाडग्यात ओतली. गाडग्यातली दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणठणीत. तपेलीतली दुपारीच नासली.

घासून घासून माझ्या हाताची सालं निघाली, तरी वास बोटांना राहायचा. जेवायला बसले की घास तोंडाजवळ नेताना तोच वास. मी ओकत राहायचे. बायका म्हणायच्या, पोटुशीला वास येतोयच की. आणि रोज विचारायच्या, "कालचं कसं झालतं? खाल्लाव का? उरलं का?" म्हणता म्हणता झाकण उचलून भांड्यात बघायच्या. मी मूर्ख. मला ती माया वाटायची.

एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. सातही भांड्यांच्या काठावर बोटभर जागा घासलेली होती, कानस मारल्यासारखी. आमच्याकडं लेकीला भांडी देताना काठावर तिचं नाव कोरून देतात. तिथलंच नाव घासलेलं. सातही घरांत? मी मनात म्हटलं, असेल काही इथली पद्धत.

मालकांनी बाजाराला जाताना बजावलं, "कल्हईवाला आला की समदी भांडी करून घे. मग बग वास जातुय का न्हाई." तिसऱ्या दिवशी सकाळी कल्हईवाला आलाच. हुसेनमिया, बीदरचा, पांढरी दाढी. अंगणात खड्डा करून भाता बसवला. मी सात भांडी पुढं ठेवली. मुकाट्यानं सगळ्यांना कल्हई केली. शेवटी पातेलं चिमट्यात धरून पुसताना त्याचं बूड वर आलं आणि म्हाताऱ्याचा हात थांबला.

"अम्मा, ये बर्तनां कहाँ से आए?"

"शेजारच्या बायांनी दिलेत. सात घरचे हैं," मी माझ्या मोडक्या बोलीत सांगितलं.

"सात घर के नक्को बोलो," तो म्हणाला. "एकीच घर के हैं. येइच घर के." बुडाला झाळून दिलेला एक जुना डाग होता, म्हणजे भोक बुजवलेला जोड, त्यावर बोट ठेवलं. "ये डाग मेरे हात का है. इसी आंगन में बैठके दिया था. नागव्वा बोलके थी, नई दुल्हन. " मग काठावरच्या घासलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "सातों पे यां उसका नाव था… घिस दिए."

नागव्वा कुठं गेली, असं मी विचारलं. त्यानं चन्नक्काच्या दाराकडं बघितलं आणि म्हणाला, "उन्हों कू पूछो." मजुरी घेतली नाही. हात चिखल लावून धुतले आणि भाता उचलून गेला.

मी तशीच चन्नक्काकडं गेले. ती ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. मला बघून हसली, उठून पाणी आणलं, वर गुळाचा खडा. मी तांब्याला हात लावला नाही. "नागव्वा कोण?" म्हटलं.

चन्नक्काचं हसू गेलं नाही, तेच मला आजपर्यंत सलतं. तोच गोड आवाज, त्याच चिंचा फोडत तिनं सगळं सांगितलं. नागव्वा आणि तिचा नवरा बाहेरून राहायला आलेले, आमच्यासारखेच. त्या साली पेठेत उंदीर पडायला लागले, म्हणजे गाठीचा ताप, प्लेग आला. अशा वेळी गाव उठतं, सगळे रानात खोपी घालून राहतात, तशी पेठ उठली. पण नागव्वाच्या नवऱ्याला आधीच गाठ आलेली. तो गेला, मग तिला ताप भरला. तीही पोटुशी, सहावा-सातवा महिना.

"आमच्या खोपी हितंच मागल्या रानात व्हत्या," चन्नक्का म्हणाली. "हाक ऐकू यायची. पाणी द्या म्हणायची. दोन दिस. मग बंद पडली."

"आणि कुणी गेलं नाही?"

"कसं जायाचं अक्का? लेकरंबाळं हाईत की आमाला. आमी काय मारलाव व्हय तिला? ताप आलता, मेली. दारातच बसलती, तांब्या हातात घिऊन."

"तांब्या?"

"ह्योच की." तिनं माझ्यासमोरचा तांब्या दाखवला. त्याच्याही काठावर घासलेलं होतं. पहिल्या दिवशी मी ह्याच तांब्यातून पाणी प्याले होते. गुळासकट.

मग भांडी? तर ती म्हणाली, "घर उघडं पडलं, भांडी कुणी सोडतंय व्हय? आमी न्हाई नेलाव तर चोरानं नेली असती." सात घरांनी वाटून घेतली. आणि तेव्हापासून त्या सात घरांत त्या भांड्यांतलं अन्न नासायला लागलं. तांब्यातलं पाणी तेवढं चांगलं राहायचं, म्हणून तो पाहुण्यांना. मोडीत घालायला नेली तर मोड घेणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी आणून दारात फेकली. टाकून द्यायची तर पितळ टाकवत नव्हतं!

"मग कुणीतरी सांगितलं, घरचं घरात जाऊ द्या म्हून. पण रिकाम्या घरात ठिऊन उपेग न्हाई, चूल पेटली पायजे. तुमी पाणी मागत आलाव, पोटुशी दिसलाव. म्हणलं देवानंच पाठवलंय बगा. तिच्यासारखी बाई त्या घरात आली की तिचं मन भरंल. आमचं सुटंल."

"आणि माझं?"

चन्नक्कानं हातातली चिंच खाली ठेवली. मग खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणाली, "तुमाला काय कमी केलाव आमी?"

मी तिच्या ओसरीवरच ओकले. मुद्दाम नाही, पण आवरलंही नाही. मग तो तांब्या उचलला आणि घरी आले. ती आडवी आली नाही. उलट सुटल्यासारखा श्वास सोडला.

दाराला आतून कडी घातली. ऊन डोक्यावर आलेलं. अंगणात सात भांडी नव्या कल्हईनं लखलखत होती. मला नागव्वाची भीती वाटली नाही, खरं सांगते. मळ्यात दिवसभर मारलेल्या माझ्या हाका मला आठवत होत्या. मला ऐकणारं कुणी नव्हतं. हिला ऐकणारं सगळं गाव होतं.

का केलं ते माहीत नाही. अंगणातल्या आडावरून ताजं पाणी शेंदलं आणि आठही भांडी काठोकाठ भरून उंबऱ्याच्या आत ओळीनं ठेवली. मग आत जाऊन कपड्यांची गाठोडी बांधायला घेतली, कारण त्या घरात राहायचं नाही हे ठरलंच होतं. दोन गाठोडी बांधून बाहेर आले, तर भांडी कोरडी. पुसून ठेवल्यासारखी! खाली सारवलेली जमीन, थेंब सांडला तरी काळा डाग दिसतो. एकही डाग नव्हता. कडी तशीच.

पुन्हा भरली. पुन्हा आत गेले, पुन्हा आले. कोरडी.

तिसऱ्यांदा भरली आणि समोरच बसले. आणि बघितलं. तांब्यातलं पाणी खाली जात होतं. एकसारखं नाही… जरा उतरायचं, थांबायचं, पुन्हा उतरायचं. तहानलेलं माणूस घोट घेतं आणि दम खातं, तसं. आवाज काही नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "पी बाई, सावकाश पी."

चौथ्यांदा भरलं ते पाणी तसंच राहिलं. घरातला वास गेला होता. माझ्या बोटांचाही.

मालक दुसऱ्या दिवशी आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी पातेल्यात दूध घालून रात्रभर ठेवलं, सकाळी घट्ट साय आलेली, वास नाही काही नाही. "बग, कल्हई केल्यावर झालं का न्हाई बरूबर?" म्हणाले. मग तेच थोड्या वेळानं म्हणाले, "भूत हाय का न्हाई ते ऱ्हाऊ दे. पर ह्या माणसांत तुला बाळंत न्हाई करायचं."

गाडी जुंपली तेव्हा साती जणी दारात आल्या. चन्नक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. दुसऱ्या भांड्यात पाणी आणि गूळ घेऊन आलेली. "असं कोरड्या तोंडानं जाऊ नका अक्का." माझ्या घशाला कोरड पडली होती, पण मी तिच्याकडं बघितलंही नाही. सात भांडी मी त्या घरातच पाण्यानं भरून ठेवली. तांब्या तेवढा बरोबर घेतला.

आम्ही गेलो ते सरळ दुसऱ्या गावाला. गंगव्वा दारातच होती. "आलाव का? तवाच सांगायचं की मग! बाहीरच बसा, सारवलंय." महिन्या-दीड महिन्यानं माझ्या कळा सुरू झाल्या. मालक बाजाराला गेलेले. मी एकच हाक मारली. गंगव्वा भाकरीच्या पिठाच्या हातानं धावत आली, "येळ-काळ कळतुय का तुला, चुलीवर तवा हाय माझा," असं म्हणत. माझी थोरली जन्मली आणि असं भोकाड पसरलं की गंगव्वानं तिलाही शिव्या दिल्या. त्या गावात आम्ही चाळीस वर्षं काढली. रोज बोलणी खाल्ली.

तांब्या अजून माझ्याकडं आहे. पुढं काठावर पुन्हा नाव कोरून घेतलं, नागव्वा. त्यात काही नासत नाही. ते पाणी कुणी प्यालं, मला आजही सांगता येत नाही. नातसून आत्ता टाइप करता करता म्हणतेय, आजी, बाष्पीभवन. बाई गं, आठ भांडी, दोन गाठोडी बांधेपर्यंत? कल्हईचं म्हणाल, तर मालक जाईपर्यंत तेच म्हणत राहिले. पण तेही त्या तांब्यातून कधी पाणी प्याले नाहीत. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सापडलं तर लिहा.

घरी कुणी आलं की पाणी मी आजही स्वतः उठून देते. गूळ मात्र देत नाही.